अस्वलाच्या पुडीवरचा आकडा

तोक्यो
६ नोव्हेंबर १९७१

प्रिय मामा,

कार्यालयासमोरची गिंकोची झाडं पिवळीधमक झाली आहेत आणि झाडलोट करणाऱ्या बाई रोज सकाळी त्यांना शिव्या घालतात. ऋतूबद्दल एवढंच लिहिते. खिडकीबाहेर बघायला दिवसभरात तेवढाच वेळ मिळतो.

तुमची औषधाची पेटी पोचली. सरकारी औषध-नियंत्रण कार्यालयात काम करणाऱ्या चौतीस वर्षांच्या बाईला तिचा मामा अजून दरवर्षी औषधाची पेटी पाठवतो, हे ऐकून आमचे मुराओका साहेब खूप हसले. मी म्हटलं, हसू नका, तोयामाच्या औषधवाल्यानं पेटी ठेवली की ती घरातलीच एक होते. लागेल तेव्हा उघडायची, वापराल तेवढ्याचेच पैसे पुढच्या फेरीला द्यायचे. माझ्याकडून तर मामा तेही घेत नाही. खरं सांगायचं तर या आठवड्यात तुमच्या अस्वलाच्या चित्राच्या पुडीनंच मला तारलं. डबा खायला सवड नाही, पोटात आग पडते, मग सेइसुइगानच्या दोन गोळ्या आणि चहा.

सवड का नाही ते सांगते. हे मामींखेरीज कुणाला वाचून दाखवू नका.

अमुक औषधानंतर रोग्याला अमुक त्रास झाला, असं देशभरातले डॉक्टर आमच्या विभागाला कळवतात. एकेक नोंद वाचायची, शेजारी शेजारी ठेवायची आणि त्यांच्यात काही नातं आहे का ते बघायचं, हे माझं काम. गेल्या तीन आठवड्यांत अकरा नोंदी आल्या. बहुतेक म्हातारी माणसं. पोट दुखलं म्हणून गोळी घेतली, थोड्या वेळानं दरदरून घाम, हातांना कंप, बरळणं, मग कोसळणं. दोघं गेली. गोळी सेइसुइगान, तुमच्याच मिझुहारा औषधालयाची. बॅच ३१९, नव्या, चांदीच्या कागदाच्या पट्टीतला माल.

कंपनी म्हणते योगायोग. प्रयोगशाळेला अजून काही सापडलेलं नाही. पण हातावर हात ठेवून बसायला माझं मन तयार नाही. माझ्या पेटीतली पुडी मी आधीच बघितली, ती जुनी आहे, २०४. तुमच्या गिऱ्हाइकांकडे, विशेषतः कामिनोसावाच्या वरच्या खोऱ्यात, ३१९ गेली आहे का? एकदा बर्फ पडलं की तिथे वसंतापर्यंत डॉक्टर पोचत नाही. उलट टपाली कळवा.

तुमची
चिझुरू

---

तोयामा
१२ नोव्हेंबर

चिझुरू पोरी,

तातेयामा डोंगरानं पांढरी टोपी घातली आणि तुझ्या मामीनं मुळ्याचं लोणचं. दोन्ही वेळेवर झालं, म्हणजे साल बरं जाणार.

तुझ्या साहेबांना सांग, पोट दुखायला लागलं की हसणारेच आधी दार वाजवतात. चाळीस वर्षं पाठीवर पेटाऱ्यांची चवड बांधून डोंगर चढतोय. माझ्या गोळीनं कुणाच्या पोटात दुखलं असं एकदाही ऐकलं नाही. तुमच्याकडे सगळे कागदी घोडे. अकरा म्हातारी माणसं एका महिन्यात कोसळली म्हणतेस. अगं, म्हातारी माणसं कोसळायचीच. मीही सहासष्टचा झालो, उद्या कोसळलो तर गोळीला दोष देऊ नकोस, शोचूच्या बाटलीला दे.

तू विचारलंस त्याचं उत्तर: वरच्या खोऱ्यातल्या माझ्या अठ्ठावन्न घरांत एकाही पुडीवर ३१९ हा आकडा नाही. छातीवर हात ठेवून लिहितो. खालच्या गावांत चांदीच्या पट्ट्या दिल्या आहेत, त्यांच्यावरचे आकडे तुझ्या माणसांनी खुशाल तपासावेत.

वरच्या खोऱ्यातली बातमी म्हणजे ओनोदेरांच्या सावाआजी गेल्या. एकाहत्तरच्या होत्या. ऑक्टोबरच्या नऊ तारखेला न्हाणीघरात पडल्या. मी फेरीवरच होतो, म्हणून उदबत्ती लावून आलो. तू सातआठ वर्षांची असताना माझ्याबरोबर आली होतीस, तेव्हा तुझ्या ओंजळीत अक्रोड ओतले होते त्यांनी. आठवतं?

ती दोघं गेली म्हणतेस, ती कुठली? आणि सगळ्यांनी गोळी उपाशीपोटीच घेतली होती का? सहज विचारतो.

डबा खात जा. मामी म्हणते, सरकारनं तुला जेवायची सुट्टी दिली नाही तर ती स्वतः येऊन सरकारशी बोलेल.

तुझा
किसाबुरो मामा

---

तोक्यो
२० नोव्हेंबर

प्रिय मामा,

इथे पहिली थंड झुळूक आली आणि तुमच्या पत्रानं जीव भांड्यात पडला.

प्रयोगशाळेचं उत्तर अजून यायचं आहे, पण नोंदी सतरा झाल्या. मुराओका साहेब बैठकीत म्हणाले, "पुरावा हातात येईपर्यंत थांबलो तर तो पुरावा म्हणजे आणखी प्रेतंच असतील." गेली काही वर्षं एका साध्या पोटाच्या औषधानं पाय गमावलेली माणसं काठ्या टेकत तोक्योत न्याय मागायला येतात, ती आम्ही सगळ्यांनी पाहिली आहेत. परवा आदेश निघाला. बॅच ३१९ दुकानांतून आणि घरांतून परत घ्यायची. कुठल्या जिल्ह्यात कुणी जायचं ती यादी माझ्याकडे होती. कामिनोसावाच्या खालच्या गावांपुढे मी खूण केली आणि वरच्या खोऱ्यापुढे लिहिलं: "विक्रेत्याकडून खात्री केली, माल नाही." खाली माझा शिक्का. विक्रेता कोण हे साहेबांना माहीत आहे. ते म्हणाले, "तुझा मामा म्हणजे पक्की खबर."

तुम्ही विचारलंत म्हणून. गेलेली दोघं कोबे आणि ओकायामाची. आणि हो, जवळजवळ सगळीच उपाशीपोटी. पोट बिघडलं म्हणजे माणूस जेवत नाहीच. पण तुम्ही का विचारलंत?

एक किरकोळ गोष्ट. मंगळवारी मी स्टेशनच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. गुडघा फुटला आणि मोजे फाटले, त्यातलं मोज्यांचं दुःख जास्त. घामानं भिजले होते आणि आपलं घर कुठे ते मिनिटभर सांगता येईना. एका पोलिसानं गोड चहा पाजला, मग ठीक वाटलं. डॉक्टर म्हणाले, जागरण आणि उपास. त्या दिवशी सकाळी दोन गोळ्यांवरच बाहेर पडले होते. शेजारच्या टेबलावरची हारुए म्हणते कशी, "तूच अठरावी नोंद नाहीस ना?" मी तिला पुडी दाखवली. अस्वल, आणि खाली २०४. दोघी हसलो.

मामींना सांगू नका. त्या खरंच सरकारशी बोलायला येतील.

चिझुरू

---

तार
तोयामा, २३ नोव्हेंबर

गोळ्या खाऊ नकोस. पुडीवरचा आकडा खोटा. पत्र येते. मामा

---

तोयामा
२३ नोव्हेंबर

चिझुरू,

तुझ्या घरमालकिणीकडे फोन करायला टपाल कचेरीत दोनदा जाऊन आलो. दोन्ही वेळा तू बाहेर. म्हणून तार केली. तार मिळाली असेल आणि तू हे वाचत असशील, तर आधी उठ, ती पुडी पेटीतून काढ आणि मगच पुढे वाच.

वसंतात कंपनीनं कागदी पुड्या बंद केल्या आणि चांदीच्या पट्ट्या आणल्या. खालच्या गावांनी घेतल्या. वरच्या खोऱ्यात घेऊन गेलो तर कुरातांच्या मिनेआजी मला म्हणाल्या, "हे चॉकलेट कुणाला देताय, त्सुनेकावा सान? आमचं अस्वल कुठेय?" प्रत्येक उंबऱ्यावर हेच. सर्वांत वरच्या घरातल्या गेंजिरोनं तर पट्टी चुलीत टाकली, म्हणे शहरातला खोटा माल. माझ्या बापाच्या काळापासून ते अस्वल त्यांच्या भिंतीवर आहे. अस्वल नाही म्हणजे औषध नाही.

माझ्याकडे जुन्या रिकाम्या पुड्यांचा गठ्ठा होता, २०४चा शिक्का मारलेल्या. छापखान्यानं जास्त छापल्या होत्या, टाकवल्या नाहीत. मी आणि तुझी मामी उन्हाळाभर चुलीशी बसून चांदीच्या पट्ट्या फोडायचो आणि बारा बारा गोळ्या कागदात घालायचो. मामी म्हणायची, लहानपणी चिझुरू आपल्याला घड्या घालायला मदत करायची. तुझी पेटीही त्यातच भरली. चांदीचे तुकडे शेगडीत गेले. त्यांच्यावर काय आकडा होता तो मी बघितला नाही. बघायचा असतो हेच माझ्या डोक्यात नव्हतं. गोळी तीच, कंपनी तीच, फक्त सदरा जुना घातला, एवढंच वाटलं.

तुझं पहिलं पत्र आल्यावर कोठारात एक अख्खी पट्टी सापडली. तिच्यावर ३१९ होतं. तरी मी तुला ते वाक्य लिहिलं. पुडीवर तो आकडा नाही, हे अक्षरशः खरं होतं. मी चाळीस वर्षांचं नाव वाचवत होतो, आणि तू त्याच गोळ्या खात होतीस. गुडघ्याचं वाचलं तेव्हा मामी पीठ मळत होती. तिनं पीठ तसंच ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिली. एक शब्द बोलली नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा.

आता एक मागतो. मला पंधरा दिवस दे. मी स्वतः जातो आणि जुनी झाली म्हणून पुड्या बदलून आणतो. कुणाला कळायला नको. झाकली मूठ सव्वा लाखाची. माझा परवाना जाईल त्याचं मला काही नाही, पण त्या अठ्ठावन्न उंबऱ्यांवर मी खोटारडा ठरलो तर पुन्हा तोंड कुठे दाखवू? आणि तुझा तो शिक्का आहे. तुझीही नोकरी जाईल.

सावाआजींच्या पेटीत मीच पुडी ठेवली होती. नंतर हिशेबाला उघडली तेव्हा दोन गोळ्या कमी होत्या. हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

किसाबुरो

---

तोक्यो
२६ नोव्हेंबर

मामा,

ऋतूच्या ओळी गाळते.

तार वेळेवर मिळाली. माझ्या पुडीत चार गोळ्या उरल्या होत्या, त्या मी स्वतः प्रयोगशाळेत नेऊन दिल्या. आज उत्तर आलं. कारखान्यात त्याच यंत्रावर मधुमेहाच्या रोग्यांसाठीचं, रक्तातली साखर उतरवणारं औषधही बनतं. एका दिवशी यंत्र न धुता सेइसुइगानची पिठी घातली गेली. ज्याचं पोट रिकामं, त्याची साखर एकदम पडते. त्यामुळेच मी जिन्यात पडले आणि त्या पोलिसाच्या गोड चहानं उठले.

पंधरा दिवस मी देऊ शकत नाही. पंधरा मिनिटंही नाही. मूठ झाकायला ती आपली एकट्याची नाही, तिच्यात अठ्ठावन्न घरं आहेत. तुम्ही दहाव्या दिवशी ज्या घरी पोचाल तिथे नवव्या दिवशी कुणाचं पोट दुखलं तर मी काय लिहू? "मामाची अब्रू राखण्यासाठी थांबलो"?

तुमचं पत्र मी साहेबांच्या टेबलावर ठेवलं. यादीतली माझी ओळ लाल शाईनं खोडली, चूक माझी असं लिहिलं आणि खाली शिक्का मारला. तुमच्या शब्दावर विसंबून मी पुडी न बघताच लिहिलं होतं. मला शिकवलं गेलं होतं की खबर कुणाचीही असो, तपासायची. मी तपासली नाही, कारण ती तुमची होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं. साहेबांनी तुमचं पत्र शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाले, "शिक्षेचं नंतर बघू. आधी खोरं."

उद्या सकाळी सहा वाजता वरच्या खोऱ्यातल्या घरोघरी तारेनं जोडलेल्या ध्वनिपेटीवर सूचना वाचली जाईल. शब्द असे: "तोयामाचे विक्रेते त्सुनेकावा किसाबुरो यांनी दिलेल्या अस्वलाच्या चित्राच्या पुडीतली गोळी घेऊ नये. घाम, थरथर किंवा गुंगी दिसल्यास लगेच काहीतरी गोड खायला द्यावं." तुमचं नाव घालायचं की नाही यावर वाद झाला. नाव घालायचंच असं मी म्हटलं. पुडीवरचा आकडा खोटा आहे, चित्र जुनं आहे. त्या लोकांना ओळखता येईल अशी एकच खूण उरली आहे, ती म्हणजे तुम्ही.

परवाना निलंबनाचा कागद तुम्हाला वेगळा येईल.

मी खूप रागावले आहे. आणि तुम्ही तार केलीत म्हणून मी आज हे लिहायला बसले आहे, हेही खरं आहे.

चिझुरू

---

तोयामा
४ डिसेंबर

औषध-नियंत्रण कार्यालयातील हिरानो चिझुरू बाईंस,

कागद मिळाला. परवाना निलंबित. पेटाऱ्यांना जिल्ह्याच्या माणसानं मोहोर लावली. भला माणूस होता, निघताना माझ्यापेक्षा तोच जास्त वाकला.

तुझी मामी आता बोलायला लागली आहे. म्हणते, "आकाशवाणीवर नाव यावं अशी तुमची तरुणपणी फार इच्छा होती ना? गाणं म्हणून नाही आलं, असं तरी आलं." वर त्यावर मी हसलंही पाहिजे.

तू बरोबर केलंस की चूक हे मी विचारत नाही. तू माझ्या हाताखाली घडी घालायला शिकलीस. घडी सरळ येईपर्यंत मीच तुला उठू द्यायचो नाही. आता ती सरळ आली आणि मलाच टोचली, तर तक्रार कुणाकडे करू?

पण यापुढे खोऱ्याचं काय झालं ते मला कळवू नकोस. ती घरं आता तुमची.

त्सुनेकावा किसाबुरो

---

तोक्यो
११ डिसेंबर

प्रिय मामा,

कळवू नकोस म्हणालात, तरी कळवते.

जिल्ह्याची माणसं आणि आरोग्यसेविका तीन दिवस वरच्या खोऱ्यात फिरली. अठ्ठावन्न घरांतून तीन पुड्या मिळाल्या. फक्त तीन. बाकी सगळ्यांनी हसतमुखानं चहा दिला, लोणचं दिलं आणि सांगितलं, गोळ्या संपल्या. काही घरांत तर पेटीच नव्हती. आरोग्यसेविका लिहिते: "एका आजीनं मला विचारलं, त्या गरीब माणसाच्या पोटावर पाय देऊन सरकारला काय मिळणार? आम्ही काही दिलं नाही तर पुरावा नाही, मग सोडतील ना त्याला?"

ती माणसं तुमच्यासाठी खोटं बोलत आहेत, मामा. विष उराशी धरून बसली आहेत, कारण त्यांना वाटतं की त्यामुळे तुम्ही वाचाल. आमच्याकडे आदेश आहे, शिक्का आहे, प्रयोगशाळा आहे. त्या दारांत यातलं काहीच चालत नाही.

विकायला जायला तुम्हाला मनाई आहे. पाठीवर काही न घेता जायला नाही. मी साहेबांना विचारून घेतलं आहे. बर्फ रस्ता बंद करायच्या आत जा. "औषध जुनं झालं" म्हणू नका. काय झालं ते त्यांना तुमच्याच तोंडून कळू द्या. दुसऱ्या कुणाचं ते ऐकणार नाहीत.

मागते आहे. आदेश नाही.

तुमची
चिझुरू

---

कामिनोसावा, वरचं खोरं
२६ डिसेंबर

चिझुरू,

कुरातांच्या घरी शेगडीत पाय घालून लिहितो आहे. बोटं अजून नीट वळत नाहीत, अक्षर चालवून घे. उद्या खाली उतरणाऱ्या टपालवाल्याकडे देईन.

तुझं पत्र आलं तेव्हा मी दोन दिवस ते पालथं घालून ठेवलं. तिसऱ्या दिवशी मामीनं माझे बर्फातले बूट दारात आणून ठेवले आणि आत निघून गेली. मग आलो. चाळीस वर्षांत पहिल्यांदा पाठीवर काही नव्हतं. ओझं नसलं की डोंगर जास्त चढाचा वाटतो, हे मला माहीत नव्हतं.

पहिलं घर मिनेआजींचं. मला बघून त्यांनी टाळ्याच वाजवल्या. "आलात! मला ठाऊकच होतं! तुमच्या सरकारवाल्यांना असं वाटेला लावलं म्हणता! पुडी कुठे ठेवली माहितेय? लोणचं मुरवतो त्या भाताच्या कोंड्यात! तिथे कोण हात घालतंय?" मी तसाच ओसरीखालच्या मातीवर गुडघे टेकले, कपाळ जमिनीला लावलं आणि म्हटलं, "मिनेआजी, ती पुडी खरी नाही. अस्वल जुनं आहे आणि गोळी वाईट आहे. मी घातली. मला कळलं तेव्हाही मी खोटं बोललो." त्या म्हणाल्या, "उठा आधी, गार लागेल." मग लोणच्याच्या पिंपाशी गेल्या. कोंड्यात कोपरापर्यंत हात घालून पुडी काढली, पुसली आणि माझ्या हातात दिली. म्हणाल्या, "तुम्ही आधीच सांगायचं होतंत. चॉकलेटसुद्धा खाल्लं असतं आम्ही, तुम्ही खा म्हटलं असतंत तर."

हे ऐकायला मी एवढ्या लांब आलो होतो का, असं वाटलं. पण पुढच्या घरी जायला पाय उठले.

कुणी शिवी दिली, कुणी साकेचा पेला. एका घरी मुलांनी मी पूर्वी दिलेले कागदी फुगे परत आणून माझ्यासमोर ठेवले, त्यांना वाटलं तेही परत घ्यायला आलोय.

आता गेंजिरोचं ऐक. तो एकटा राहतो, सर्वांत वर. दार उघडं होतं. हा शेगडीपाशी घामानं निथळत बसलेला. मला म्हणतो, "कोण? हांऽऽ, औषधवाला! तुझं नाव त्या ध्वनिपेटीवर घेतलं ना, तेव्हाच तिची तार उपटून टाकली. आणि मुद्दाम अधूनमधून एकेक खातोय. बघू सरकार काय करतं!" आज पोट बिघडलं म्हणून तीन खाल्ल्या होत्या आणि सकाळपासून जेवला नव्हता. बोलता बोलता जीभ जड झाली आणि माणूस कलंडला. चिझुरू, ध्वनिपेटीवरची सूचना लिहिलेलं तुझं पत्र माझ्या छातीशी घडी करून होतं, पण ते काढायची गरज पडली नाही, पाठ झालं होतं. त्याच्या वळचणीला पर्सिमनची गोड फळं सुकायला टांगलेली असतात. एक ओरबाडलं, आतला गर बोटानं काढून त्याच्या गालात सारला आणि बोटाला चावेपर्यंत चोळत राहिलो. मग साखरेचं पाणी, थेंब थेंब. किती वेळ गेला कळलं नाही. शेवटी डोळे उघडून म्हणतो काय, "माझे पर्सिमन फुकट खातोस का रे?" मी तिथेच रडलो. त्यानं मला रडू दिलं. शेजाऱ्यांनी घसरगाडी आणली आणि त्याला खाली आरोग्यसेविकेकडे नेलं. ती म्हणते, अशा माणसाची साखर पुन्हा पडते, दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. काल तो तिलाच शिव्या देत होता, म्हणजे बरा आहे.

तो तुम्हाला वाचवण्यासाठी मरायला निघाला होता, असं तू म्हणशील. म्हणू नकोस. मला कळलंय.

शेवटचं घर ओनोदेरांचं. मुद्दामच शेवटी ठेवलं होतं. सावाआजींचा मुलगा कात्सुहेई घरी होता. पुडी देव्हाऱ्यात, आईच्या फोटोशेजारी ठेवली होती. मी त्याला सगळं सांगितलं. नऊ तारीख, दोन गोळ्या कमी, उदबत्ती लावताना मी गप्प राहिलो, तेही. आईच्या मरणाला हीच गोळी कारण होती असं म्हणता येणार नाही, नव्हती असंही म्हणता येणार नाही, असं म्हटलं. त्यानं ओरडायला हवं होतं. तो म्हणाला, "आई म्हणायची, त्सुनेकावा सानच्या हातचं विषसुद्धा पचेल." एवढंच. मग उठला, भिंतीवरची माझी पेटी काढली, देव्हाऱ्यातली पुडी तिच्यात टाकली आणि बाहेर बर्फात नेऊन ठेवली. दार लावून घेतलं.

ती पेटी मी काखेत मारून खाली आणली. तिच्यावर माझ्या बापाचं अक्षर आहे.

पंचावन्न पुड्या आरोग्यसेविकेकडे मोहोरबंद दिल्या. तुमच्या माणसांच्या तीन धरून अठ्ठावन्न. कुणाकडे काही उरलं नाही.

एक काम राहिलं. तुझ्या कार्यालयात नोंदी डॉक्टरांच्या येतात. सावाआजींना डॉक्टरनं पाहिलंच नव्हतं, म्हणून त्या तुमच्या कुठल्याही आकड्यात नाहीत. आरोग्यसेविकेकडून कोरा अर्ज मागून घेतला आणि जमेल तसा भरला. सोबत जोडतो. घ्याल का?

मामा

---

तोक्यो
१४ जानेवारी १९७२

प्रिय मामा,

इथे काल बर्फ पडलं, दोन बोटं. गाड्या बंद पडल्या आणि सगळं शहर घाबरलं. तुम्हाला हसू येईल.

माझी नोकरी राहिली. पगारवाढ वर्षभर थांबवली आहे आणि यापुढे माझ्या प्रत्येक खात्रीखाली दुसऱ्या कुणाचा शिक्का लागेल. ठीकच आहे. मिझुहाराचा तो कारखाना बंद ठेवला आहे. चांदीच्या पट्टीवर यापुढे कागदी पुडीवरचं जुनं चित्र छापायला सांगायचं का, असं साहेबांनी बैठकीत विचारलं, तेव्हा कुणी हसलं नाही. तुमच्या परवान्याचा निर्णय वसंतात होईल. काय होईल ते मला माहीत नाही, आणि त्या बैठकीत मी बसणार नाही.

नोंदी त्रेचाळीस झाल्या होत्या. अठरावी माझीच आहे, हारुएनं लिहून घेतली.

तुमचा अर्ज आला. शवविच्छेदन नाही, डॉक्टर नाही, गोळ्यांचा पुरावा म्हणजे पुडीतल्या दोन कमी. एक जण म्हणाला, हे धरता येणार नाही. साहेब म्हणाले, "संशयित असा रकाना कशासाठी ठेवलाय?" ओनोदेरा सावा, वय एकाहत्तर, चव्वेचाळिसावी नोंद.

त्या अर्जात एक रकाना असतो: कळवणाऱ्याचं रोग्याशी नातं. डॉक्टर तिथे "उपचार करणारा" लिहितात. तुम्ही लिहिलंत, "गोळी मी दिली." टंकलेखिकेनं मला विचारलं, हे खोडून "विक्रेता" असं टंकू का?

मी म्हटलं, आहे तसंच राहू द्या.

तुमची
चिझुरू